दूध तुटलेलं लेकरू शिलोला ठेवून आलेली हन्ना आदर्श आई कशी?

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हन्नाचं नाव निघतंच. मदर्स डेची उपासना असते, तरुण संघाची मुलं दारातच आयांच्या हातात गुलाबाचं फूल देतात, आणि प्रवचनाचा शास्त्रभाग असतो बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय. हन्नासारखी विश्वासू आई व्हा, असं पाळक सांगतात. माना डोलतात. पण मांडीवरच्या दोन-अडीच वर्षांच्या पोराला बिस्किट देऊन गप्प बसवणाऱ्या एखाद्या तरुण आईच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो ती सहसा कुणाला विचारत नाही. ही बाई तर एवढंसं लेकरू देवळात ठेवून घरी गेली. हिच्याकडून मी नेमकं शिकायचं काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाला तर तो जास्तच बोचेल, कारण मुलं देवाला वाहण्याचा आपल्याकडचा इतिहास दुखरा आहे. संडेस्कूल घेताना मुलांच्या आयांनी मला हे दबक्या आवाजात विचारलंय. म्हणून ही गोष्ट मुळापासून उलगडून सांगावीशी वाटली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल देऊन टाकलं म्हणून हन्ना आदर्श ठरत नाही. जी वर्षं तिच्या हातात होती ती तिने पुरेपूर मुलाला दिली आणि मूल लांब गेल्यावरही त्याच्यावरचं लक्ष काढलं नाही, म्हणून ती आदर्श ठरते. याच गोष्टीत एली नावाचा आणखी एक पालक आहे. त्याची मुलं कायम त्याच्या डोळ्यांसमोर होती, पण लक्ष नव्हतं. दोघांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हन्ना पुरती कळत नाही.

आधी गोष्ट काय आहे?

काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा, इसवीसनापूर्वी अकराव्या शतकातला. इस्राएलात अजून राजा नव्हता. जेरुसलेमचं मंदिरही नव्हतं. लोक वर्षातून एकदा शिलोला जायचे. आजच्या वेस्ट बँकमध्ये, जेरुसलेमच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर त्या गावाचे अवशेष आहेत. परमेश्वराच्या कराराचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तिथे होता, आणि एली हा म्हातारा याजक, म्हणजे यज्ञ आणि उपासना चालवणारा पुरोहित, तिथली व्यवस्था पाहायचा. हफनी आणि फिनहास हे त्याचे दोन मुलगेही याजकच होते.

एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातल्या रामा गावचा एलकाना दरवर्षी कुटुंबाला घेऊन शिलोला जाई. त्याच्या दोन बायका. पनिन्नाला मुलंबाळं होती, हन्नाला मूल नव्हतं. यज्ञाचं जेवण वाढलं की पनिन्ना तिला टोचून बोलायची, हन्ना रडायची, ताटावरून उठायची. हे एकदाचं नव्हतं, वर्षानुवर्षं चालू होतं. ज्या घरात मूल नसलेली सून सणाच्या पंगतीला बसते, त्या घरातल्यांना हे समजावून सांगायला नको. एलकानाचा तिच्यावर जीव होता. तो म्हणाला, रडतेस कशाला, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? बोलला प्रेमानेच, पण त्या बोलण्यात तिचं दुःख ऐकून घेणं कुठेच नाही.

एका वर्षी जेवणं झाल्यावर ती उठून परमेश्वरासमोर गेली आणि मन मोकळं करून रडली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराशी बसलेल्या एलीला वाटलं, बाई प्यायलीय. तो तिला तसं बोललाही. तिने त्याला शांतपणे सांगितलं की मी द्राक्षारस घेतलेला नाही, मी दुःखी आहे आणि परमेश्वरापुढे माझा जीव ओततेय. एलीने तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. पुढे तिला मुलगा झाला. त्याचं नाव शमुवेल.

आवाज न काढता केलेली ही प्रार्थना पुढे फार मोठी ठरली. प्रार्थना कशी करावी याचे नियम यहुदी धर्मगुरूंनी तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात याच बाईच्या वागण्यावरून काढले: ओठ हलावेत, आवाज चढू नये, मन शुद्धीवर असावं. रोश हाशना म्हणजे यहुदी नववर्ष. त्याच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हन्नाचीच कहाणी वाचली जाते, रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांकडेही. ज्या बाईला याजकाने दारुडी ठरवलं, तिच्याकडून पुढचे धर्मगुरू प्रार्थना शिकले.

तिने नवस केला म्हणजे नेमकं काय केलं?

हन्नाचा नवस असा होता: मुलगा दिलास तर तो आयुष्यभर तुझाच राहील, आणि त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. केस न कापणं ही नाजीर असण्याची खूण. स्वतःला देवासाठी काही काळ वेगळं ठेवणाऱ्या माणसाला नाजीर म्हणत. तो द्राक्षारस घेत नसे, प्रेताला शिवत नसे, केस कापत नसे. हे व्रत सहसा ठरावीक मुदतीचं असायचं. हन्नाने ते जन्मभराचं बोललं.

इथे एक गोष्ट बहुतेक प्रवचनांतून निसटते. बायबलमधल्याच इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ एलकानाला लेवी कुळात दाखवते. लेवी पुरुषांनी पवित्रस्थानाची सेवा करायची हे ठरलेलंच होतं. गणनाच्या पुस्तकात त्यासाठी वयाची २५ ते ५० ही वर्षं सांगितली आहेत. म्हणजे शमुवेल मोठा होऊन या सेवेत जाणार होताच. हन्नाने ती सेवा अलीकडे ओढली आणि तिचा शेवट काढून टाकला. मूल अनोळखी दारात टाकून येणं आणि हे, यांत फरक आहे.

नवस केला म्हणजे झाला, असंही नव्हतं. गणना, अध्याय ३० मध्ये नियम आहे की बायकोचा नवस नवऱ्याच्या कानावर आला त्याच दिवशी त्याने तो मोडला तर तो रद्द, आणि तो गप्प बसला तर पक्का. एलकाना 'नाही' म्हणू शकत होता. आजचे वडील या गोष्टीत स्वतःला शोधत असतील तर त्यांनी इथे थांबावं. तुला योग्य वाटेल तसं कर, परमेश्वराने आपला शब्द खरा करावा, एवढंच तो म्हणतो. दहा मुलांची बढाई मारणारा नवरा इथवर आला, हे काही थोडं नाही.

मूल झालं म्हणून ती सुखी झाली का?

याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण या गोष्टीने बायकांना जखमाही केल्या आहेत. लग्नाला काही वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की कुणीतरी येऊन सांगतं, हन्नासारखी प्रार्थना कर, होईल. बोलणाऱ्याचा हेतू बरा असतो. पण ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं की तुझी प्रार्थना कमी पडतेय, तुझा विश्वास कमी पडतोय. उपचार चालू असतात, पैसे गेलेले असतात, महिन्याच्या महिन्याला आशा मोडत असते, आणि वर हे.

पहिल्या अध्यायात घटना कोणत्या क्रमाने येतात ते पाहा. हन्ना प्रार्थना करते. एलीशी बोलते. मग परत जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही, असं अठराव्या वचनात लिहिलंय. या वेळी ती गरोदर नाही. घरी गेलेली नाही. पनिन्नाही तिथेच आहे, तिची जीभही तशीच आहे. तिच्या ताटातला घास गोड झाला तो मूल होण्याआधी.

बायबल कुठेही असं लिहून देत नाही की अशी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकीची ओटी भरेल. येशूचा प्रेषित पौल याने तीनदा विनवणी करूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, हेही त्याच बायबलात आहे. तेव्हा हन्नाची गोष्ट मूल नसलेल्या बाईला सांगायची असेल तर अठराव्या वचनापर्यंत सांगावी, आणि त्याही आधी एली शेवटी जसं गप्प बसून ऐकतो तसं तिचं ऐकून घ्यावं.

दूध तुटेपर्यंतची वर्षं

शमुवेल झाला आणि लगेच पुढची वार्षिक यात्रा आली. एलकाना निघाला. हन्ना म्हणाली, मी येणार नाही, बाळाचं दूध तुटलं की मग मीच त्याला घेऊन येईन. एवढा मोठा नवस केलेली बाई यात्रेला जायचं नाकारते. नवस फेडायचाच आहे, पण बाळाच्या आधी नाही. कधी फेडायचा हे बाळाचं अंग ठरवेल.

त्या काळी दूध तोडण्याचं वय आजच्यापेक्षा बरंच पुढे असे. कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई मुलाला सांगते की मी तुला तीन वर्षं पाजलं. शमुवेलाचं नेमकं वय दिलेलं नाही, पण दोन-तीन वर्षांचा तो असावा.

आई होताना हन्नाला माहीत होतं की आपल्याला मिळालेला काळ मोजका आहे. असं कळल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. आपलं मन मोडू नये म्हणून माणूस आतून लांब होतं, किंवा मुलाला असं कवटाळतं की सोडताच येत नाही. हन्नाचं यांतलं काहीच झालं नाही. ज्याला कुणी विश्वासाने दागिना ठेवायला दिलाय तो त्याला स्वतःच्या दागिन्यापेक्षा जास्त जपतो, आणि तरी तो मोडून आपली हौस भागवत नाही. हन्नाचं त्या मुलाशी वागणं मला असं दिसतं. ते मूल तिच्याकडे ठेव म्हणून होतं, म्हणूनच त्याची हेळसांड चालणार नव्हती.

आपण सगळेच आईबाप या मोजक्या वर्षांचे धनी आहोत. फक्त आपल्या मुदतीची तारीख आपल्याला कुणी सांगत नाही. कुणाचं पोर दहावीनंतर क्लाससाठी लातूरला जातं, कुणाची मुलगी नर्सिंगला जाते, कुणाचा मुलगा जहाजावर. तोवरच्या वर्षांत मूल घरातच होतं, पण आपण होतो का, हा प्रश्न मला हन्नाने शिकवला.

तो दरवर्षीचा झगा

मूल सोपवून हन्ना रामाला परतली. पुढच्या अध्यायात एक छोटं वचन येतं. शमुवेल तागाचं एफोद, म्हणजे याजकांचा सेवेचा पोशाख, घालून परमेश्वराची सेवा करी. त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा करून नवऱ्याबरोबर यात्रेला येताना घेऊन येई.

यावर घाईने पुढे जाऊ नका. त्या काळी झगा विकत आणण्याची सोय नव्हती. लोकर कातायची, मागावर विणायची, शिवायची, हे घरच्या बायकांचं काम. ते काही एका बैठकीत होत नाही. आणि बेतायचा कुणासाठी? ज्याला तिने वर्षभर पाहिलेलं नाही त्याच्यासाठी. मागच्या वर्षी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत केवढा होता? वर्षात किती वाढला असेल? दंड भरले असतील का? तिने तो वाढत्या अंगाचाच बेतला असणार. पुढच्या वर्षी तो घोट्यापासून किती वर चढलाय हे तिने पाहिलं असणार, आणि त्यावरून नव्या झग्याचं माप मनात धरून ती घरी गेली असणार. पाठीमागे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. पाच लेकरांच्या धबडग्यातही हा सहावा झगा चुकला नाही.

आईचा विश्वास कसा असतो असं मला कुणी विचारलं तर मी गुडघे टेकलेली हन्ना दाखवत नाही, हा झगा दाखवते. मूल देवाच्या हवाली केलं, आता देव बघेल, असं म्हणून ती मोकळी झाली नाही. देवावर भरवसा होता आणि सूतही कातत होती.

एलीचं काय चुकलं?

आता त्याच आवारातला दुसरा पालक. लोक यज्ञाचं मांस शिजवायला ठेवत, तेव्हा एलीच्या मुलांचा चाकर तीन दाती काटा घेऊन येई, भांड्यात खुपसे आणि काट्याला लागेल ते याजकासाठी उचलून नेई. पुढे तर चरबी होमात जाण्याआधीच कच्चं मांस मागायला लागले. नको म्हणणाऱ्याला धमकी, आत्ता दे नाहीतर जबरदस्तीने नेतो. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशीही ही दोघं वाईट वागत.

एलीला हे कळलं तेव्हा तो खूप म्हातारा झाला होता. बाबांनो, लोक तुमच्याबद्दल बोलतात ते काही बरं नाही, असं तो म्हणाला. बस, एवढंच. त्यांना याजकपदावरून काढलं नाही, दारात कुणाला उभं केलं नाही. त्याच्यावर पुढे आलेला ठपका दुहेरी आहे. तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त मान देतोस आणि त्या उत्तम वाट्यांवर तुम्ही सगळे पुष्ट होता, हा पहिला. मुलं वाईट वागताहेत हे माहीत असूनही त्याने त्यांना आवरलं नाही, हा दुसरा. एली मेला तेव्हा ९८ वर्षांचा होता आणि अंगाने जड होता, असं चौथा अध्याय सांगतो. ते जडपण कुठून आलं हे लेखक पुन्हा सांगत नाही, त्याची गरजही नाही.

एली दुष्ट नव्हता, म्हणून तर तो जास्त टोचतो. सगळं आवार त्याच्या नजरेखाली होतं. मुलं रोज समोर होती. मुलांना काय सोडून द्यायचं हे त्याला कळलं, काय अडवायचं हे कळलं नाही. 'आमचं मूल आमच्या डोळ्यांसमोर असतं' हे वाक्य आपण पुष्कळदा समाधानाने म्हणतो. हफनी आणि फिनहासही डोळ्यांसमोरच होते.

'मग अशा जागी तिने मूल ठेवलंच कसं?'

हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि मी तो हलका करणार नाही. ज्या आवारात हफनी, फिनहाससारखे लोक सत्तेत होते तिथे लहान मूल ठेवलं गेलं. शमुवेल तिथे सांभाळला गेला, वाढला, परमेश्वराच्या आणि माणसांच्या मर्जीत राहिला, असं पुस्तक सांगतं. ते वाचून आजच्या कुणी मुलाबाबत तसाच भरवसा धरू नये. चर्चचं वसतिगृह असो, आश्रमशाळा असो, क्लासचं होस्टेल असो, जागा देवाच्या नावाने चालते म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही. हे सांगायला शिलोपेक्षा मोठा दाखला कुठला हवा? मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प राहणारा प्रत्येक जण एलीच्या बाकावर बसलेला आहे.

आणि एलीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. स्वतःच्या मुलांपुढे हरलेला हा माणूस शमुवेलाला मात्र नीट शिकवतो. रात्री तीनदा हाक ऐकून पोर धावत त्याच्याकडे येतं, तो वैतागत नाही. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की हाक परमेश्वराची आहे, आणि तो शमुवेलाला उत्तर शिकवतो: बोल, तुझा दास ऐकत आहे. शमुवेलाला जे ऐकू येतं ते एलीच्याच घराण्याविरुद्ध असतं. पोर सकाळपर्यंत पडून राहतं, मग नेहमीसारखी परमेश्वराच्या घराची दारं उघडतं, आणि सांगायला घाबरतं. एली त्याला म्हणतो, काही लपवू नकोस. आणि ऐकल्यावर त्याच्यावर राग काढत नाही. मुलाच्या तोंडून स्वतःबद्दलचं कडू सत्य ऐकून घेणारे किती पालक आपण पाहिलेत?

आईचा विश्वास मुलाला आपोआप मिळतो का?

नाही. त्याच तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. जन्माआधी नवस, दूध तुटल्यापासून देवळात वास्तव्य, रोज दिवा, रोज दारं, आणि तरीही ओळख नव्हती. आईने त्याला हाकेच्या अंतरावर नेऊन ठेवलं. 'ओ' त्याला स्वतःला द्यावी लागली.

मुलांना उपासनेला ओढून नेणाऱ्या, पाठांतर करून घेणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वचन धीर देतं आणि जरा आवरतंही. हन्ना त्या रात्री तिथे नाही. ती उत्तर सुचवत नाही, निकाल विचारत नाही.

'मुरळी सोडण्यात आणि यात फरक काय?'

मराठी वाचकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. खंडोबाला मुरळी सोडणं, यल्लम्माला मुलगी वाहणं, या प्रथांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींची आयुष्यं जाळली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळीच्या प्रथेविरुद्ध काम केलं, मुंबई प्रांताने १९३४ मध्ये देवदासी प्रथा बेकायदा ठरवली, महाराष्ट्राने २००५ चा वेगळा कायदा केला. देवाचं नाव घेऊन मुलाचं आयुष्य परस्पर ठरवणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे आपण संशयाने पाहावं, ती बायबलमधली असली तरी.

तसं पाहिल्यावर फरक दिसतो. वाहिलेल्या मुलीला लग्न बंद, घर बंद, परतीची वाट बंद. शमुवेलाला काम मिळालं, शिक्षण मिळालं, पुढे त्याला मुलं झाली. बेथेल, गिलगाल, मिस्पा असा न्यायनिवाड्याचा दौरा करून तो दरवर्षी परत यायचा तो रामाला, कारण त्याचं घर तिथे होतं. सातव्या अध्यायाच्या शेवटी हे येतं. आईने देऊन टाकलेला मुलगा आईच्याच गावचा होऊन राहिला, तिथेच मेला, तिथेच पुरला गेला. तरीही मी स्पष्ट सांगते: हन्नाने जे केलं ते शब्दशः आज कुणी करू नये. तिच्या काळची ती चौकट, ते कुळ, ती सेवा आज नाही. आणि मुलाचं म्हणणं न विचारता त्याच्या नावाने बोललेला नवस मुलावर कर्ज म्हणून लादता येत नाही.

मूल सोपवून निघताना ती काय म्हणत होती?

मुलाला सोपवताना हन्नाने गायलेलं गीत दुसऱ्या अध्यायात आहे. त्यात बाळ जवळजवळ नाहीच. बलवानांची धनुष्यं मोडली, पोट भरलेले भाकरीसाठी मजुरीला गेले, परमेश्वर दीनाला धुळीतून उठवतो आणि सरदारांच्या पंक्तीला बसवतो, असं ती म्हणते. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या आईचं, मरियेचं गीत याच धर्तीवर येतं.

मला यात पालकत्वच दिसतं. ज्या बाईला पंगतीत खाली पाहावं लागलं, तिने आपलं दुःख फक्त आपल्यापुरतं ठेवलं नाही, खाली दाबलेल्या प्रत्येकाशी जोडलं. तिचा मुलगा म्हातारपणी लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाला लुबाडलं? कुणाकडून लाच घेतली? लोक म्हणतात, काहीच नाही. हा बाराव्या अध्यायातला हिशोब आणि काटा खुपसून मांस उचलणारी एलीची पोरं यांच्यामधलं अंतर आईच्या त्या गीताएवढं आहे.

'पण शमुवेलाची स्वतःची मुलंही बिघडली ना?'

हो, बिघडली. आठव्या अध्यायात त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबा इथे न्यायाधीश आहेत, पैशाच्या मागे लागलेत, लाच घेतात, न्याय फिरवतात. लोकांनी राजा मागितला त्याचं एक कारण हेही. हन्नाची नातवंडं ही. विश्वासू आजी आणि प्रामाणिक बाप असूनही असं झालं, आणि पुस्तकाने ते झाकलं नाही याचं मला मोल वाटतं. मुलाला योग्य वाटेने वाढव, म्हातारपणीही तो ती सोडणार नाही, हे नीतिसूत्रांतलं वचन अनुभवाचे बोल आहेत, हमीपत्र नव्हे.

मुलगा व्यसनात गेला, मुलीने संबंध तोडले, की मंडळीतलेच लोक आईबापांकडे एका नजरेने पाहतात. त्यांनी ही दोन घरं शेजारी ठेवावीत. एलीला परमेश्वराने त्याच्या मुलांवरून जाब विचारला. शमुवेलाला त्याच्या मुलांवरून असा जाब विचारल्याचं पुस्तकात कुठेही नाही. एलीवरचा ठपका मुलं बिघडली एवढ्यावर नव्हता, माहीत असून आवरलं नाही यावर होता. ज्या आईबापांनी वेळेवर अडवलं, मापं घेत राहिले, दार उघडं ठेवलं, आणि तरी पोर गेलं, त्यांना एलीच्या रांगेत उभं करायचा अधिकार कुणालाच नाही. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात हे सरळच लिहून ठेवलंय: मुलाच्या अधर्माचा भार बापावर येणार नाही, आणि बापाच्या अधर्माचा भार मुलावर येणार नाही.